बावीस नंबरचा दिवा

माझं नाव साल्किन. आमच्याकडे याचा अर्थ गार वारा. आईबापांच्या हातून झालेली ही एक चूक, असं देशाच्या दक्षिणेतल्या ओश शहरात आमच्या ऑफिसातले सगळे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. मायरामकुल एजेंची गोष्ट सांगताना तर तो अजून गेलेला नाही, तेव्हा मी मध्येच कुणाला काही बोलले तर सांभाळून घ्या.

एजे म्हणजे थोरली बहीण. नात्यातल्या त्या माझ्या कुणी नव्हेत, पण ऑफिसात सगळेच त्यांना एजे म्हणत. बुटक्या, रुंद, डोक्याला नेहमी एकच निळा रुमाल. खिशात कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, आणि बोलताना गालात एक. राग आला की ती गोळी कडकन फोडायच्या. आवाज ऐकला की आम्ही आपापल्या संगणकात डोकं घालायचो.

एकोणीसशे ऐंशी साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. समोर भोकांची उभी फळी, प्रत्येक भोकावर एक इवलासा दिवा. दिवा लागला की त्या भोकात दोरी खुपसायची आणि विचारायचं, कुठे जोडू. एका सामुदायिक शेताचे अध्यक्ष दर शनिवारी बायकोला फोन करून सांगायचे, जिल्हा कचेरीत अडकलोय. दिवा मात्र लागायचा गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या विश्रामगृहाच्या भोकावर. एजे मुकाट्याने जोडून द्यायच्या.

"माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगेल," त्या म्हणायच्या, "दिवा कुठं लागलाय तेवढंच खरं." मग लगेच पुढचंही सांगायच्या, आणि लोक नेमकं तेच विसरतात: "पण दिव्यावरून वाट कळते गं. माणूस नाही कळत."

बावीस नंबर म्हणजे सायबाशी. दक्षिणेतल्याच बातकेन प्रांतातलं, अगदी सीमेला चिकटलेलं गाव. गावात एकच फोन, टपालघरात. बाळंतीण अडलेली असो, कुणाचा मुलगा सैन्यातून यायचा असो की कुणाला बहिणीशी भांडायचं असो, दिवा बावीसचाच लागायचा. अख्खं गाव त्या एका भोकातून बोलायचं. एजे कधीही म्हणाल्या नाहीत की हा बावीस नंबरवाला फार फोन करतो, याला तोडा.

पुढे देश बदलला, एक्स्चेंज बंद पडलं, दोऱ्यांमधलं तांबं लोकांनी काढून विकलं. एजे बेचाळिसाव्या वर्षी भाच्याची पुस्तकं घेऊन संगणक शिकल्या आणि आमच्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला आल्या. मी तिथेच फोनवर तक्रारी घेत होते. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी कुठून आलं याच्या नोंदीत, त्या तासन्‌तास नजर फिरवायच्या. मी विचारायची, एजे, यात वाचण्यासारखं काय आहे? त्या म्हणायच्या, दिवे बघतेय.

मग एका वर्षी वसंतात परदेशी डॉक्टरांचं पथक ओशला येणार होतं. जन्मापासून हृदयात दोष असलेली मुलं तपासायची आणि शस्त्रक्रिया करायच्या, सगळं नऊ दिवसांत. राजधानीत मोठं हॉस्पिटल आहे, म्हणून ही सोय फक्त दक्षिणेतल्या तीन प्रांतांच्या मुलांसाठी. नोंदणी वेबसाइटवर, सोमवारी सकाळी नऊ ते बारा. पहिली एकशे वीस मुलं तपासली जाणार. ती वेबसाइट आमच्या कंपनीने केली, आणि आत येणारी विनंती दक्षिणेतून आली आहे की बाहेरून हे ठरवायचा नियम लिहिला एदिलने.

एदिल आमचा साहेब. वय एकोणतीस, राजधानीत शिकलेला, बूट असे चकचकीत की त्यात भांग पाडावा. दुष्ट नव्हता, तेवढं मी म्हणेन. उंटावरचा शहाणा होता.

नियम असा. आमच्या सर्व्हरपुढे दुसरा एक सर्व्हर दरवानासारखा उभा असतो. बाहेरची विनंती त्याच्या हातून आत येते, त्यामुळे आतल्या सर्व्हरला दिसतो फक्त दरवानाचा हात. विनंती मूळ कुठून निघाली ते कळावं म्हणून तिच्यासोबत एक चिठ्ठी येते. वाटेत जे जे भेटले त्यांचे पत्ते तिच्यावर ओळीने, शेवटचा पत्ता दरवान स्वतः पाहून लिहितो. एदिल चिठ्ठीवरचा सर्वांत पहिला पत्ता घ्यायचा, तो एका तक्त्यात शोधायचा, आणि तक्ता म्हणेल तो देश, तो प्रांत.

नोंदणीच्या आठवडाभर आधी, दुपारच्या चहाला, सगळ्यांसमोर एजेंनी त्याला धरलं.

"एदिल, तुला तुझे सात बाप येतात?"

"येतात की." आमच्यात ज्याला सात पिढ्यांच्या बापांची नावं येत नाहीत त्याला कुणी माणसात धरत नाही. एदिलने घडाघडा म्हणून दाखवली.

"छान. यातले डोळ्यांनी पाहिलेले किती?"

"वडील. आजोबा."

"बाकीचे?"

"ऐकलेले."

"आता समज, बाजारात एक अनोळखी बुवा आला. त्याने सात नावं म्हटली, सातवं एका खानाचं. लगेच बहीण देशील त्याला?"

सगळे हसले. एदिलही हसला, पण ओठांनीच.

"तुझ्या चिठ्ठीचं तसंच आहे, बाळा. शेवटचा पत्ता दरवानाने पाहिलेला. त्याच्या आधीचे सगळे येणाऱ्याने स्वतः सांगितलेले. राजधानीतला कुणीही पहिल्या ओळीत ओशचा पत्ता लिहून आणेल, आणि तू त्याला पाट मांडशील."

"इतकं कोण करतंय, एजे."

"ज्याचं पोर आजारी आहे तो करेल. आणि तुझा तक्ता. सायबाशीत आपला टॉवर डोंगराआड आहे. लोक पलीकडच्या देशाच्या टॉवरवर बोलतात, फोनचं कार्डही तिकडचंच. तुझा तक्ता त्यांना परदेशी म्हणणार."

"मग त्यांनी आपलं कार्ड घ्यावं."

"घेतील. तू तेवढा डोंगर हलव."

एदिलने कप खाली ठेवला. "एजे, हे टेलिफोन एक्स्चेंज नाही. दोऱ्या खुपसायचे दिवस गेले." आणि तो समशाचा, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या करंजीचा, उरलेला तुकडा तोंडात टाकून उठला. एजेंच्या गालातली गोळी फुटलेली मी ऐकली. त्यांनी हेच सगळं कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवलं. तो कागद नंतर मला त्याच्या फुलदाणीखाली सापडला, पाणी झिरपू नये म्हणून घातलेला.

सोमवारी नऊला नोंदणी उघडली. नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"एजे," पलीकडून एक बाई, दमलेली. तिला मी एजे नव्हते, पण फोनवर सगळ्या एजेच असतात. "मी शाइरगुल, सायबाशीहून. माझ्या बेरमेतचं नाव घालतेय. हे म्हणतंय, आपण देशाबाहेर आहात, ही सोय फक्त नागरिकांसाठी आहे. मी तर घरात बसलेय."

बेरमेत सात वर्षांची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शस्त्रक्रिया याच वर्षी व्हायला हवी, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. आई हे असं सांगत होती जसं दुकानात पीठ मागावं. मी फोन एजेंच्या हातात दिला.

एजेंनी लॉग उघडला. पलीकडच्या त्या एका टॉवरच्या पत्त्यावरून नकारामागून नकार. त्या उठून एदिलकडे गेल्या. तो बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर दाखवत होता, नोंदणी किती झपाझप चाललीय. झपाझप चाललीच होती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. राजधानीतले हुशार भाचे आणि जावई पहिल्या ओळीत ओशचा पत्ता लिहून आरामात आत येत होते.

"नियम मध्येच बदलता येत नाही, एजे. वर विचारतो," एदिल म्हणाला.

"कधी?"

"उद्या."

"उद्या काय, पोरींच्या लग्नात विचार," एजे म्हणाल्या आणि परत आल्या. खुर्ची ओढली, माझा फोन आपल्या टेबलावर घेतला. शाइरगुलला म्हणाल्या, "बोल बाई. मुलीचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. मी इथून भरते. आणि गावात आणखी कुणाचं पोर असेल तर सांग, याच नंबरवर फोन करा." बारा वाजेपर्यंत त्यांनी अकरा मुलांची नावं भरली. प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर आधी वहीत पेनाने लिहायच्या, मग नाव पडद्यावर. मी शेजारी बसून त्यांना चहा देत होते आणि मनात म्हणत होते, अशी बाई आहे म्हणून जग चाललंय.

आता माझं ऐका.

त्याच दुपारी मला एक यादी काढायची होती. संशयित यादी. एकाच पत्त्यावरून तीनपेक्षा जास्त नोंदी असतील ते पत्ते एदिलच्या टेबलावर ठेवायचे. दलाल पकडण्यासाठी. मी बटण दाबलं, सहा ओळी निघाल्या, छापल्या, ठेवल्या. एका ओळीत अकरा नोंदी होत्या. तो पत्ता आमच्याच ऑफिसचा होता. मी तो रोज शंभर वेळा पाहते, माझ्या दारावरच्या नंबरासारखा. त्या दिवशी पाहिला नाही. घरी जायची घाई होती, पावणेपाचची बस होती.

मंगळवारी सकाळी त्या अकरा नोंदी पुसलेल्या होत्या आणि त्यांच्या जागी प्रतीक्षायादीतले अकरा आले होते. राजधानीतल्या भाच्यांच्या एकाही नोंदीला धक्का लागला नव्हता, कारण ते शहाणे होते, प्रत्येकाने वेगळा पत्ता लिहिला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली.

एदिलने एजेंना सर्वांसमोर विचारलं, "ऑफिसात बसून दलाली?"

"फोन आले, मी जोडून दिले," एजे म्हणाल्या. "छत्तीस वर्षं तेच करतेय."

"एका पत्त्यावरून अकरा मुलं येत नसतात."

"बावीस नंबरवरून तीनशे माणसं यायची."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. पंधरा दिवस घरी बसा, असा कागद त्याने त्यांच्या हातात ठेवला. जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"साल्किन, यादी तू काढलीस?"

"हो."

"पत्ता पाहिलास?"

"नाही, एजे."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

तपासणी गुरुवारी सुरू झाली, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर. एदिल दाराशी टेबल मांडून बसला होता, मी त्याच्या बाजूला नावं तपासायला. दहाच्या सुमारास फाटकात एक खटारा व्हॅन लागली आणि आधी निळा रुमाल उतरला. त्यामागे सायबाशीच्या अकरा आया, अकरा पोरं. आदल्या दिवशी आठ तास बसून आल्या होत्या. एजेंनी वहीतून एकेकीला फोन करून बोलावलं होतं.

"नोंद नाही," एदिल म्हणाला.

"होती. तू पुसलीस."

"एजे, मूळ तपासलं गेलंय. या विनंत्या—"

"विनंत्या कसल्या रे? पोरं आहेत. ही बघ, इथून आलीयेत." त्यांनी एका मुलीला पुढे केलं. लाल स्वेटर, दोन वेण्या, ओठ जांभळट. बेरमेत. "विचार तिला, कुठून आली."

एदिलने यादी पुन्हा चाळायला घेतली. पण बोलण्याचा आवाज ऐकून आतून तोक्तोसुन डॉक्टर बाहेर आले. आमच्या हॉस्पिटलातले जुने बालरोगतज्ज्ञ, पांढरी दाढी. म्हाताऱ्यांना लहान पोर दिसलं की आमच्याकडे दुसरं काही सुचत नाही. ते वाकून म्हणाले, "कुणाची गं तू, बाळ? सात बाप म्हण पाहू."

बेरमेतने हात मागे बांधले. "उलान," ती म्हणाली. "असानकुल. मामात." मग थांबली. छाती वरखाली होत होती. "जोल्दोश." परत थांबली, भिंतीला टेकली. आई पुढे सरकली तर तिने मानेनेच नको म्हटलं. "बायतिक." मोठा श्वास. "सातार." आणि मग आणखी दोन श्वास. "एशिम," ती म्हणाली आणि खाली बसली.

तोक्तोसुन डॉक्टरांनी तिथेच जमिनीवर गुडघे टेकून तिच्या छातीला नळी लावली. उठले ते एदिलकडे न बघता मला म्हणाले, "मुली, कागद घे. ही आणि ही सगळी, अकरा. हाताने लिही." मी लिहिली. राजधानीतलं कोण कोण आहे तेही त्यांनी आयांशी चार शब्द बोलून दहा मिनिटांत ओळखलं आणि त्या जागा या अकरांना दिल्या. आपल्या दक्षिणेची बोली कुणाला चिठ्ठीवर लिहून आणता येत नाही.

बेरमेतची शस्त्रक्रिया सहाव्या दिवशी झाली. ती आता बरी आहे, बकऱ्यांमागे पळते, आईला उलट बोलते. हॉस्पिटलातला तो प्रसंग लोक आनंदाने सांगतात. मला अजिबात आनंद होत नाही. श्वास पुरत नसलेल्या पोरीला भिंतीला टेकून सात बापांची नावं घ्यावी लागली, आणि कशासाठी, तर ती आपल्याच देशातली आहे हे पटावं म्हणून. बुटांत भांग पाडणारा तिथे बसला होता, आणि मीही बसले होते.

पंधरा दिवसांनी एजे कामावर आल्या. पथक तोवर विमानाने परत गेलं होतं. आल्या आल्या त्यांनी रुमालही सारखा न करता सोमवारचा लॉग उघडला. बऱ्याच वेळाने मला हाक मारली.

"टॉवर एक, पत्ता एक. पण प्रत्येक विनंती आपण कुठल्या बनावटीच्या फोनवरून आलो ते सांगते. मोज."

मी मोजले. एकोणीस वेगवेगळे फोन. अकरा जणींनी आम्हाला फोन केला होता. आठ जणांनी नाही. त्यातल्या एकाने चौदा वेळा प्रयत्न केला होता, पहिला नऊ वाजून चार मिनिटांनी, शेवटचा अकरा सत्तावन्नला. बावीसवर चौदा वेळा दिवा लागला आणि कुणी दोरी खुपसली नाही. हा लॉग पंधरा दिवस माझ्यासमोर होता. एजे घरी होत्या, मी नव्हते.

शनिवारी आम्ही दोघी सायबाशीला गेलो. टपालघराचं आता किराणा दुकान झालंय. एजे दारोदार फिरल्या, फोन दाखवा म्हणाल्या. आठातले सात सापडले. तीन आत्या-मावश्यांचे होते, अकरातल्याच कुणासाठी धडपडणाऱ्या. चौघांची पोरं आमच्या आधीच तोक्तोसुन डॉक्टरांनी बोलावून घेतली होती. व्हॅनमधल्या आयांनी त्यांना नावं सांगितली होती. राहिला चौदावाला.

तो गावाच्या अगदी टोकाला निघाला, जर्दाळूच्या बागेत. जालिल त्याचं नाव, शेजाऱ्यांशी फारसं न बोलणारा. त्याने खिशातून फुटक्या काचेचा फोन काढला. एजेंनी उलटून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, हाच तो.

"फोन का नाही केलास, भाऊ?" एजेंनी विचारलं. "खाली नंबर होता."

"चौदा वेळा केलं ते," जालिल म्हणाला. "मग सोडलं. यंत्र म्हणालं, तुम्ही देशाबाहेर आहात. मला वाटलं, रेघ परत सरकली असेल."

हसू नका. सायबाशीत हा विनोद नाही. त्याच्या वडिलांच्या या बागेतून सीमेची रेघ दोनदा सरकलीय, दोन्ही वेळा त्यांना न विचारता. घरात बसल्या बसल्या माणूस परदेशी होऊ शकतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून त्याने आमच्यावर विश्वास ठेवला. आणि परक्या देशाच्या माणसाने तक्रार तरी कुणाकडे करायची?

झाडाखाली त्याचा मुलगा उकिडवा बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, खेळता खेळता दम खात. पाहुणे बघताहेत हे दिसल्यावर तो उठला, हात मागे बांधले आणि शिकवल्याप्रमाणे सुरू झाला. "जालिल. कादिर..."

"नको, राजा," एजे म्हणाल्या. त्या पुढे गेल्या आणि त्याला पुन्हा खाली बसवलं. "राहू दे. तुला कुणी विचारलेलं नाही. श्वास जपून ठेव."

पथक पुढच्या वसंतात येणार होतं.